होस्टनावातल्या अंडरस्कोरमुळे परत येणाऱ्या मेल कशा थांबवाव्यात

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतला एखादा कारखाना स्वतःचा मेल सर्व्हर उभारतो आणि त्याचं नाव (अर्थात रोमन लिपीत) ‘बडोदा_मेल’ ठेवतो. काही ग्राहकांना मेल पोचतात, काहींकडून परत येतात. साहजिकच दोष समोरच्यावर ढकलला जातो. तसं करण्याआधी नावातला अंडरस्कोर (_) बघा.

होस्टनावात, म्हणजे नेटवर्कवर सर्व्हर ज्या नावाने ओळखला जातो त्यात, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं. हायफन सुरुवातीला किंवा शेवटी नको. दोन टिंबांमधला तुकडा ६३ अक्षरांपर्यंत, अख्खं नाव २५३ पर्यंत. आकड्याने सुरुवात केलेली चालते. १९८९च्या आरएफसी ११२३ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने ती मुभा दिली. विंडोज मात्र संगणकाच्या नावात अंडरस्कोर चालवून घेतं. घोळ बहुधा तिथूनच येतो.

आधी लॉग, म्हणजे सर्व्हरची कामाची नोंदवही, वाचा. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर ९५’ अशी ओळ सापडेल. ९५ हा अंडरस्कोरचा आस्की, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचातला, क्रमांक. ३२ दिसला तर नावात मोकळी जागा घुसली आहे. परतलेल्या मेलमध्ये ‘५०१’ आणि ‘हेलो कमांड रिजेक्टेड: इनव्हॅलिड नेम’ असेल, तर तुमच्या सर्व्हरने ‘हेलो’ म्हणत ओळख म्हणून सांगितलेलं नावच नाकारलं गेलंय. हा कायमचा नकार, पुन्हा प्रयत्न होत नाही. ४५० हा तात्पुरता नकार आला तर मेल रांगेत राहते, पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगनुसार ५ दिवस.

आता नाव बदला: ‘बडोदा-मेल’ आणि पुढे तुमचं डोमेन. लिनक्सच्या ‘होस्टनेमसीटीएल’ या आज्ञेने नवं नाव द्या, होस्ट्स फाइल आणि पोस्टफिक्सचं ‘मायहोस्टनेम’ हे सेटिंग दुरुस्त करा, पोस्टफिक्स रीलोड करा. डीएनएसमध्ये (नावांवरून पत्ते शोधणारी यंत्रणा) नव्या नावाची ए नोंद (नावाचा आयपी पत्ता) टाका आणि एमएक्स (डोमेनची मेल कुठे द्यायची ते सांगणारी नोंद) तिच्याकडे वळवा, सीनेमकडे (टोपणनावाची नोंद) नको. उलटी पीटीआर नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी) सहसा इंटरनेट पुरवठादाराच्या हातात असते, त्याला लेखी कळवा. ती जुळेपर्यंत काम अर्धंच. सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेटही नव्या नावाचं घ्या.

ऑफिसातल्याच संगणकांच्या मेल तुमचा सर्व्हर नाकारत असेल, तर हेलोच्या नियमांत ‘परमिट मायनेटवर्क्स’ (आपल्या नेटवर्कला परवानगी) आणि ‘परमिट एसएएसएल ऑथेंटिकेटेड’ (लॉगिन केलेल्यांना परवानगी) हे नाव तपासणाऱ्या नियमाच्या आधी ठेवा. तपासणीच बंद करू नका, स्पॅमवाल्यांचं फावेल.

आणि उत्साहाच्या भरात डीएनएसमधले सगळे अंडरस्कोर उडवू नका. ‘_डीमार्क’ आणि ‘_डोमेनकी’ या नोंदींत तो हवाच. त्या होस्टची नावं नाहीत, आणि तो काढला तर मेल खरंच तुमच्या डोमेनची आहे का हे पाहणारी डीमार्क, डीकिमची तपासणीच कोलमडेल.