अजिंक्यताऱ्यावर ढग असताना काळा रंग नको

१९८२ साली सुरू झालेल्या ‘नाइट रायडर’ मालिकेतली काळी पॉन्टिॲक ट्रान्स ॲम गाडी, म्हणजे तिचं प्लास्टिकचं मॉडेल, १:२४ मापात (खरीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं) बांधताय? साताऱ्यात असाल तर बॉडीवर काळा स्प्रे पावसाळ्यात मारू नका. रंगातलं थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसतं. मग चकचकीत काळ्यावर पांढुरकी झाक येते. गेल्या जुलैत माझ्या बॉनेटवर आली, आरशावर श्वास सोडल्यासारखी. फार वाईट वाटलं.

तोवर सीट, डॅशबोर्ड, चाकं उरकून घ्या. ती ब्रशने छान होतात.

दिवाळीनंतरची कोरडी दुपार पकडा. बॉडी भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग राखाडी प्रायमर, त्यावर काळ्याचे ३ पातळ हात, मध्ये १५-२० मिनिटं थांबून. धारा सुटतात त्या घाईने दिलेल्या जाड हातामुळेच.

आणि नाकावरची ती लाल दिव्याची पट्टी! तिला थेट लाल लावू नका. खाली चंदेरी, वर पारदर्शक लाल द्या. उजेडात धरली की आतून पेटल्यासारखी दिसते.