बोकडाच्या भेज्यातल्या पोकळ्या घरी कशा पाहाव्यात

‘निलय’ म्हटलं की दहावीच्या पोरांना हृदय आठवतं. मेंदूतही चार निलय असतात, पाण्यासारख्या द्रवाने भरलेले. चित्रात ते निळे रंगवलेले असल्याने मुलांना ती एखादी वस्तूच वाटते. ती पोकळी आहे, हे भेजा कापल्याशिवाय पटत नाही.

आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात मटणवाला कानडी असो की मराठी, ‘भेजा’ म्हटलं की दोघांनाही कळतं. मात्र रविवारच्या गर्दीत जाऊ नका. आदल्या दिवशी सांगून ठेवा: एक मुंडी मधोमध उभी फोडून, दुसऱ्या मुंडीतला भेजा अख्खा. मुंडी फोडायची त्यांची ती रोजची पद्धत आपल्याला आयतीच उपयोगी पडते.

ताजा भेजा लोण्यासारखा असतो. पहिल्यांदा मी तो तसाच कापला आणि ताटात नुसता लगदा उरला. त्यामुळे आधी तो मलमलच्या फडक्यात बांधून मिठाच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं मंद आचेवर उकळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. रस्सा करताना वरचा पातळ पडदा काढतात, तसा इथे काढू नका. त्या पडद्याला आतली रक्तवाहिन्यांची जाळी चिकटलेली असते, ओढलात की तीही बाहेर येते. प्रयोगशाळेत असे अवयव घट्ट करून टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरतात, ते घरात आणायचंच नाही.

आधी अर्धा भेजा घ्या. सुरीचा फटका खडबडीत असेल तर पातळ पात्याने एकाच ओढीत नवा काप द्या. वर पांढरी कमान दिसेल. तिच्या खाली मधोमध एक गोल भरीव ठिपका असतो, तिथे दोन्ही बाजू एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या ठिपक्याभोवती बांगडीसारखी फिरलेली फट म्हणजे तिसरा निलय. मागे जाताना ती चिंचोळी नळी होते आणि लहान मेंदूच्या खाली पुन्हा पसरते, तो चौथा. मेलेल्या जनावरात द्रव ओघळून गेलेला असतो, त्यामुळे गुहा शोधू नका, फटी शोधा. खराट्याची हीर नळीत हलकेच सरकवली की मार्ग कळतो.

आता अख्खा भेजा. वरून मधल्या खाचेपासून अर्धा सेंटिमीटर बाजूला, पुढून मागे, थोडं थोडं खोल कापत जा. एका क्षणी पातं एकदम सैल पडतं: बाजूचा निलय उघडला (दोन बाजूंचे दोन, तेच पहिला आणि दुसरा). मला या सगळ्यात हाच क्षण आवडतो. तळाशी पुढे एक गुळगुळीत उंचवटा, मागे दुसरा वाकडा उंचवटा, आणि दोघांच्या मधून लालसर, झालरीसारखी दोरी गेलेली. द्रव मुख्यतः हीच झालर तयार करते. भिंतीची चकाकी म्हणजे पेशींचा एकच थर, त्यावर सूक्ष्म केस. ते हलतात आणि द्रव सरकतो. हीर पुढच्या टोकाला ढकलून पाहा, वास ओळखणाऱ्या गड्ड्यापर्यंत वाट जाते. माणसात ही वाट बंद झालेली असते.

भेज्यात पाण्याने भरलेला फुगा आणि त्याच्या आत पांढरे ठिपके दिसले, तर तो कुत्र्याच्या पट्टकृमीची अळी. अशा फुग्यामुळे जिवंत शेळी एकाच बाजूला गोल फिरत राहते. तो भेजा कुत्र्याला टाकू नका, नाहीतर त्याच्या पोटात पुन्हा कृमी वाढतात. जाळा किंवा खोल पुरा, आणि हात साबणाने धुवा.