अप्रेझलला सोबतच्या लोकांना विचारताय? मग असं विचारा
नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये मार्च एप्रिल आला की अप्रेझलची, म्हणजे वर्षभराच्या कामाला मार्क द्यायची गडबड सुरू होते आणि बऱ्याच ठिकाणी साहेब एकटेच मार्क देऊन मोकळे होतात, पण सेकंड शिफ्टला माणूस कसं काम करतो हे साहेबांना कुठून दिसणार, ते कळतं त्याच्याकडून मशीन ताब्यात घेणाऱ्याला. म्हणून सोबतच्यांना विचाराच. फक्त "कसाय हो तो?" असं नको, त्यावर "चांगलाय" एवढंच येतं. नेमकं विचारा, शिफ्ट सुटताना लॉगबुक भरलेलं असतं का, टूल बदलला तर सांगून जातो का, नवीन पोराला सेटिंग शिकवतो का, आणि प्रत्येक उत्तराला एखादा घडलेला प्रसंग मागा. चार-पाच जण घ्या, त्यातले एक-दोन ज्याचं अप्रेझल आहे त्यानेच सुचवलेले असू द्या, क्वालिटी डिपार्टमेंटचा एखादा हवाच. दोघांनाच विचारलं तर कोण काय बोललं ते चहाच्या टपरीवर लगेच कळतं, मग पुढच्या वर्षी कुणी तोंड उघडत नाही. आणि प्लीज, हे इन्क्रिमेंटला डायरेक्ट जोडू नका, जोडलं की दोस्तीत फुल मार्क नाहीतर जुनी खुन्नस निघते. नावं न घेता मुद्दे तेवढे त्याला समोर बसवून सांगा, त्याचंही ऐकून घ्या.