नवीन फ्लॅट घेताना बिल्डरचे अपग्रेड: काय घ्यावे, काय सोडावे आणि दर कसा तपासावा

नवीन इमारतीतील फ्लॅटची जाहीर किंमत करारात लिहिलेल्या मूळ तपशिलापुरती असते. सॅम्पल फ्लॅटमध्ये दिसणारे घर मात्र बहुतेक वेळा त्या तपशिलाच्या बरेच पुढचे असते. मोठ्या आकाराच्या टाइल्स, क्वार्ट्‌झचा ओटा, छतातले दिवे आणि भिंतीत बसवलेला शॉवर यांपैकी किती गोष्टी किमतीत येतात आणि किती 'अपग्रेड' म्हणून वेगळ्या आकारल्या जातात, हे तेथे उभे राहून कळत नाही. म्हणून पहिले काम असे, की कराराला जोडलेले तपशिलाचे परिशिष्ट हातात घेऊन सॅम्पल फ्लॅट खोलीवार पाहावा आणि प्रत्येक वस्तूपुढे ती मूळ किमतीत आहे की वाढीव, याची विक्री प्रतिनिधीकडून लेखी नोंद करून घ्यावी. परिशिष्टात एखाद्या ब्रँडच्या नावापुढे 'किंवा समतुल्य' असे शब्द असतील, तर समतुल्यता कोण ठरवणार हेही तेव्हाच विचारावे, कारण या दोन शब्दांच्या आधारे पुढे बरेच काही बदलले जाऊ शकते.

यानंतर अपग्रेडच्या यादीची दोन भागांत विभागणी करावी: भिंतीच्या, फरशीच्या किंवा छताच्या आत जाणाऱ्या गोष्टी आणि वरून बसवल्या जाणाऱ्या गोष्टी. पैसा कोठे घालायचा याचा निर्णय जवळजवळ पूर्णपणे या विभागणीवर ठरतो. आत जाणारी गोष्ट बांधकाम चालू असताना थोड्या खर्चात होते. तीच ताब्यानंतर करायची झाल्यास तोडफोड, राडारोडा, पुन्हा प्लास्टर, पुन्हा रंग आणि इमारतीच्या व्यवस्थापनाची परवानगी एवढे सगळे मागे लागते. वरून बसणारी गोष्ट मात्र बाहेरून स्वतः निवडून, सवडीने आणि बहुधा कमी पैशांत बसवता येते.

आत जाणाऱ्या गोष्टींत विजेचे काम सर्वांत महत्त्वाचे असूनही त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. छतातील दिव्यांसाठी आणि पंख्यांसाठी लागणारे पाइप अनेक इमारतींत काँक्रीट ओतण्यापूर्वीच स्लॅबमध्ये टाकले जातात, त्यामुळे त्यांच्यात बदल सुचवण्याची मुदत खरेदीदाराच्या कल्पनेपेक्षा फार लवकर संपते. पोस्ट-टेन्शन पद्धतीच्या स्लॅबमध्ये ताण दिलेल्या पोलादी केबल असतात आणि नंतर तेथे छिद्र पाडणे धोक्याचे असल्यामुळे त्याला सहसा मनाई असते. आपल्या इमारतीचा स्लॅब कोणत्या प्रकारचा आहे, हे सुरुवातीलाच विचारून ठेवावे. फ्लॅटच्या नकाशावर पलंग, टेबल, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि इंटरनेटचा राउटर यांच्या जागा आखून त्यांप्रमाणे पॉइंट मागावेत. एसी, गीझर, ओव्हन यांसारख्या जास्त भाराच्या उपकरणांना स्वतंत्र सर्किट आणि जाड वायर लागते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत केवळ सॉकेटची संख्या वाढवून भागत नाही. पार्किंगमध्ये विजेच्या गाडीसाठी चार्जर आज नको असला, तरी मीटरपासून पार्किंगपर्यंत रिकामा पाइप टाकून घेता आला तर अवश्य घ्यावा, कारण त्याचा आजचा खर्च नगण्य असतो आणि पुढचा मोठा.

नळकामालाही हाच न्याय लागू होतो. सांडपाण्याच्या आडव्या पाइपला प्रत्येक मीटरमागे साधारण 1 ते 2 सेंमी उतार द्यावा लागतो, म्हणून सिंक किंवा कमोडची जागा नंतर हलवायची म्हटले तर फरशीखालची पातळीच बदलावी लागते. भिंतीत बसणाऱ्या मिक्सरचा (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाचा) आतला भाग आणि बाहेर दिसणारी मूठ सहसा एकाच कंपनीची असावी लागते, त्यामुळे येथे आज निवडलेला ब्रँड पुढे भिंत न फोडता बदलता येत नाही. बाथरूमच्या टाइल्सखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो. ताब्यानंतर त्या टाइल्स उखडल्या तर तो थर फाटतो आणि गळतीबाबतची बिल्डरची हमीही वादात सापडते. बाथरूमची फरशी आवडत नसेल, तर ती बदलण्याची योग्य वेळ हीच आहे, मग दर थोडा जास्त का असेना. खिडक्यांचेही तसेच आहे: दर्शनी भाग सामाईक असल्यामुळे एका सदस्याला नंतर स्वतःपुरत्या वेगळ्या खिडक्या बसवता येत नाहीत, म्हणून दुहेरी काचेचा पर्याय मिळत असेल आणि रस्ता जवळ असेल, तर त्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

दिवे, पंखे, आरसे, पडद्यांचे रॉड, कपाटे, वॉलपेपर आणि घरगुती उपकरणे बिल्डरकडून घेण्यात फारसा अर्थ नाही. उपकरणांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी: वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून मोजली जात असेल, तर ताबा लांबल्यास ती रिकाम्या घरातच संपू लागते. हॉल आणि बेडरूमची फरशी या दोन भागांच्या मधोमध येते. जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स बसवता येतात, पण पातळी साधारण 10 ते 15 मिमी वर चढते, दारे खालून कापावी लागतात आणि बाल्कनीच्या उंबऱ्याशी अडचण येते. त्यामुळे सगळ्या घराची फरशी बदलायचीच असेल, तर ती आत्ताच बदललेली बरी.

आता दराकडे वळू. अपग्रेडच्या किमतीविषयी विचारायचा प्रश्न 'याला किती पडतील' हा नसून 'मूळ वस्तूची रक्कम वजा करून किती पडतील' हा आहे. मूळ किमतीत टाइल, तिचे सिमेंट किंवा चिकटवण्याचा माल, मजुरी आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली टाइलची पट्टी) हे सारे आधीच धरलेले असते. समजा, मूळ टाइलचा दर 60 आहे आणि निवडलेल्या टाइलचा 100, तर फरक 40 चा होतो आणि मजुरी दोन्हींची सारखी असल्यास ती पुन्हा आकारण्याचे कारण उरत नाही. बिल्डरने पूर्ण 100 आणि वर पुन्हा मजुरी लावली, तर न बसवलेल्या टाइलचे पैसेही आपणच देतो. अर्थात मोठ्या टाइल्स बसवायला वेळ आणि चिकटवण्याचा माल जास्त लागतो, तिरप्या मांडणीत तुकडे अधिक वाया जातात, त्यामुळे काही वाढ रास्त असते. सरळ मांडणीसाठी 5 ते 10 टक्के वाया जाणारा माल धरण्याची पद्धत आहे. त्याहून अधिक धरले असेल तर कारण विचारावे. वजावटीचा दर बाजारभावापेक्षा कमी मिळतो, हेही गृहीत धरावे, कारण बिल्डरने तो माल घाऊक भावाने घेतलेला असतो. शेकडो फ्लॅटचे काम एकाच पद्धतीने चालू असताना एका फ्लॅटसाठी वेगळा माल आणणे आणि त्यावर देखरेख ठेवणे यालाही खर्च येतो, तेव्हा नफ्याचा वाजवी भाग देण्यात काही गैर नाही. तुलना करायची ती बाहेरच्या दुकानातील किमतीशी नव्हे, तर ताब्यानंतर तेच काम करून घेण्याच्या एकूण खर्चाशी.

अपग्रेडची रक्कम कराराच्या किमतीत मिसळून गृहकर्जातून द्यायची की वेगळी रोख द्यायची, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महाग आहे. 8 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतलेल्या कर्जात मुद्दलाच्या सुमारे दुप्पट रक्कम फेडावी लागते. 6 टक्क्यांनी 30 वर्षांत फेडले तर साधारण 2.16 पट. म्हणजे दहा वर्षांत मोडीत निघणाऱ्या दिव्याचे हप्ते तो मोडीत गेल्यावरही चालूच राहतात. कर आणि नोंदणीचा खर्च कराराच्या किमतीवर आकारला जात असेल, तर तोही त्या प्रमाणात वाढतो. बँकेचा मूल्यांकक बहुधा आसपासच्या तशाच फ्लॅटच्या विक्रीवरून किंमत ठरवतो आणि अपग्रेडचा पूर्ण खर्च त्यात क्वचितच धरला जातो. मूल्यांकन कमी आले तर मधली तफावत खिशातूनच भरावी लागते. दुसऱ्या बाजूला, वेगळी भरलेली रक्कम व्यवहार मोडल्यास अनेकदा परत मिळत नाही, म्हणून परताव्याचे कलम वाचल्याशिवाय ती भरू नये.

प्रत्येक बदल लेखी मागणीपत्रात यावा आणि त्यात कंपनी, मॉडेल, रंगाचा क्रमांक, आकार, जागा, दर, वजावट, कर आणि अंतिम रक्कम असावी. पॉइंटची जागा 'खिडकीजवळ' अशी न लिहिता कोपऱ्यापासूनचे अंतर आणि फरशीपासूनची उंची सेंमीमध्ये द्यावी. अशा पत्रात 'बदलामुळे ताब्याची तारीख पुढे जाऊ शकते' अशी ओळ अनेकदा असते; ती जशीच्या तशी मान्य केल्यास संपूर्ण प्रकल्पाच्या विलंबाची भरपाई मागताना आपल्याच सहीचा कागद आड येऊ शकतो, म्हणून कोणत्या बदलाने किती दिवस वाढतील हे त्यात लिहून घ्यावे. बदलांच्या मुदतीच्या तारखा आणि हमीत अपग्रेडचा समावेश आहे का, हेही याच कागदावर असावे.

प्लास्टर होण्यापूर्वी जागेवर जाण्याची परवानगी मागून प्रत्येक भिंतीचे, मोजण्याची टेप लावलेल्या स्थितीतले, फोटो काढावेत. पुढे खिळा ठोकतानाही ते उपयोगी पडतात. टाइल्स आल्यावर सगळ्या खोक्यांवरील शेड आणि बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री करावी आणि एक-दोन खोकी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायला सांगावीत, कारण तीच छटा काही वर्षांनी मिळत नाही. ताब्याच्या पाहणीत मागणीपत्रातील ओळीमागून ओळ तपासावी, प्रत्येक सॉकेट चार्जर लावून पाहावे, बाथरूममध्ये पाणी ओतून ते जाळीकडे वाहते का हे बघावे, आणि जे काम झालेले नाही किंवा ठरल्यापेक्षा हलके झाले आहे त्याची रक्कम शेवटच्या हप्त्यातून वळती करण्याची मागणी तो हप्ता भरण्यापूर्वी लेखी द्यावी.