पुराच्या वेळी मंडळाने मेसेज कसा टाकायचा आणि कधी बंद करायचा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण ३९ झाल्यावर आपल्या मंडळात कोण कुणाला फोन लावणार असं विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आमचंही तेच होतं. २०१९ ला धडाधड चुका केल्या, २०२१ ला त्यातल्या निम्म्या परत केल्या, आता कुठे जरा जमायला लागलंय. 'आपत्ती व्यवस्थापन आराखडा' नावाच्या चाळीस-चाळीस पानी पीडीएफ फिरत असतात त्या बाजूला ठेवा, गुडघाभर पाण्यात उभं राहून कुणी पीडीएफ उघडत नाही.

बॅटरी, दोर, पॉवर बँक, औषधं हे सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला कळतं.

पहिलं काम, वही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे नंबर कागदावर उतरवा. लाईट गेली की काही तासांत मोबाईल टॉवरही मान टाकतो आणि फोन बंद पडला की बायकोचा नंबरसुद्धा आठवत नाही. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, इमर्जन्सी ११२, अ‍ॅम्ब्युलन्स १०८. त्याच वहीत गल्लीवार लिहा, अंथरुणाला खिळलेलं कोण, बाळंतीण कुठे, डायलिसिसवर कोण. ही यादी ग्रुपवर टाकायची नाही, वहीतच ठेवायची.

दुसरं, पाण्याच्या फुटाला काम बांधून टाका. ३५ ला वही बाहेर आणि फोन चार्ज, ३९ ला म्हातारी माणसं आणि जनावरं हलवायला सुरुवात, ४३ ची वाट बघायची नाही. आमच्या गल्लीतले एक काका '२००५ ला उंबऱ्यापर्यंतच आलं होतं' म्हणून २०१९ ला घरात बसून राहिले, शेवटी माळ्यावरून काढायला लागले.

तिसरं, बोलणारा माणूस एकच. आणि तो अध्यक्ष नको. अध्यक्ष त्या वेळी बोटीत तरी असतो नाहीतर फोटोत तरी. आमच्याकडे हे काम तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, ट्यूशन घेणाऱ्या एका वहिनींकडे आहे. घरी इन्व्हर्टर, अक्षर शुद्ध आणि कुणाच्या दबावाला भीक घालत नाहीत. त्या सुट्टीवर असतील तर बदली कोण हेही वहीत लिहिलंय.

आता खरं अवघड काम, मेसेज. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१९ चा ऑगस्ट, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुणे-बंगळूर रस्ता बंद. रात्री अकराला मी भावनेच्या भरात मेसेज टाईप केला, 'पूरग्रस्तांसाठी तातडीने कपडे, चादरी, बिस्किटे, पाणी हवे आहे. शक्य तेवढी मदत पाठवा. जास्तीत जास्त शेअर करा.' खाली माझा नंबर. तारीख नाही, जागा नाही, किती पाहिजे ते नाही. पहाटेपर्यंत फोन वाजत होता आणि मला वाटलं काय भारी काम केलंय.

रस्ता सुटला आणि टेम्पोमागून टेम्पो यायला लागले. शाळेच्या एका वर्गात कपड्यांचा ढीग फळ्याच्या वर गेला, खालचे ओले होऊन कुबट वास सुटला, एका बोचक्यात जरीची शेरवानी निघाली, दुसऱ्यात एका पायाचे सात बूट. आणि निवाऱ्यातल्या बायका काय मागत होत्या? सॅनिटरी पॅड, आतले नवे कपडे. घरी परतलेली माणसं मागत होती खराटा, फावडं, फिनेल. शेतकरी चारा मागत होता. यातलं काहीच आलं नाही, कारण मी ते लिहिलंच नव्हतं. ते कपडे हलवायला शेवटी मंडळाने स्वतःच्या पैशाने टेम्पो केला. लोकांनी मनापासून पाठवलं होतं हो, त्यांचा काही दोष नाही, दोष मेसेजचा.

पुढचं ऐका. जुलै २०२१, आम्ही गल्लीतून माणसं काढतोय आणि माझा फोन थांबेना. तोच दोन वर्षांपूर्वीचा मेसेज, वर कुणीतरी 'अर्जंट' जोडलेलं. ज्या फोनवर अडकलेल्या माणसाचा कॉल यायला पाहिजे त्याच्यावर लोक विचारत होते, 'जुन्या साड्या चालतील का?'

तेव्हापासून आमचा मेसेज असा असतो (आकडे नमुन्याचे आहेत):

मेसेज क्र. ३ (क्र. २ रद्द). २४ जुलै, सकाळी ९.
२४ जुलै रात्री ९ नंतर पुढे पाठवू नका.
अमुक शाळेत ६२ माणसं आहेत, त्यात ९ लहान मुलं.
हवं: सॅनिटरी पॅड ४० पाकिटं, खराटे १५, फिनेल २० लिटर.
नको: कपडे, बिस्किटं, शिजवलेलं अन्न.
कुठे: शाळेचं मागचं गेट, सकाळी १० ते ५.
चौकशी: (एकच नंबर)

तारीख-वेळ पहिल्याच ओळीत, कारण मेसेज लांबला की व्हॉट्सअ‍ॅप खालचा भाग दडवतं आणि बरेच जण तो उघडतच नाहीत. 'आज', 'उद्या', 'आत्ता' हे शब्द पूर्ण बंद. 'आज रात्रीपर्यंत' लिहिलं की तो मेसेज ज्या दिवशी वाचला जातो तो दिवस 'आज' होतो, मग दोन वर्षांनी पण आजच असतो. आकडा कुणीतरी जेवणाच्या पंगतीत डोकी मोजून दिलेला पाहिजे, 'शेकडो लोक उपाशी' असलं काही लिहायचं नाही.

'नको'च्या ओळीवरून आमच्यात भांडण झालं होतं. देणाऱ्याला नको कसं म्हणायचं, अपमान वाटेल, असं ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं. माझं मत ठाम आहे, लिहायचंच. दारात आलेला टेम्पो परत पाठवण्यात जास्त अपमान आहे. आणि 'शक्य तेवढी मदत' हे शब्द मंडळात कुणी टाईप केले तर त्याचा फोन काढून घ्या.

पोस्टर बनवू नका. लोगो आणि पाच जणांचे फोटो टाकल्यावर तारखेला कोपरा उरतो, वर नेट मंद असलं की इमेज उघडत नाही. साध्या टेक्स्टमध्ये कुणीतरी फेरफार करू शकतं हे खरं, पण म्हणून तर मेसेजला क्रमांक घालायचा. मेसेज क्र. ५ आला की क्र. ३ बाद.

आणि जे मागितलं ते मिळालं की पंधरा मिनिटांत 'बस' मेसेज, ज्या ज्या ग्रुपवर मागणी टाकली त्या प्रत्येकावर. हे काम कंटाळवाणं आहे, यात कौतुक नाही, म्हणून कुणी करत नाही. आम्ही मागणी टाकतानाच वहीत ग्रुपची नावं लिहितो, नाहीतर कुठे कुठे टाकलं ते नंतर आठवत नाही.

अफवा. 'राधानगरीचे दरवाजे उघडले, पळा' हा मेसेज दर पावसाळ्यात येतो. अहो, ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, एकातून १४२८ क्युसेक पाणी येतं. पाणी वाढणार हे खरं, म्हणजे बंधाऱ्याची पातळी बघत राहायची आणि आपलं ३९ चं काम करायचं, पण धरण काही फुटलेलं नसतं. १०७७ ला विचारा आणि मिळालेली माहिती वेळेसकट टाका. त्या अफवेचाच स्क्रीनशॉट 'फेक' लिहून फिरवू नका, लोक चित्र बघतात, वरचा शिक्का कुणी वाचत नाही. ग्रुपवर 'फक्त अ‍ॅडमिन' सेटिंग ३९ फुटालाच लावून टाका, शिव्या पडतील, पडू देत. फारच उत्साही कुणी असेल तर त्याला सांगा की आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ खाली खोटा इशारा पसरवला तर वर्षभराची जेल होऊ शकते.

पैसे. संस्थेच्या खात्यावरच, कुणाच्या खासगी जीपेवर नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला भाचा डॉलर पाठवतो म्हणाला आणि तुमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, नसेल तर हात जोडून नाही म्हणा.

फोटो. मदत घेणाऱ्याचा चेहरा नको. सामानाचा काढा.

माझा तो २०१९ चा मेसेज अजून जिवंत आहे बरं का. मागच्या पावसाळ्यात नागपूरहून एका ताईंचा फोन आला, दोन पोती कपडे भरून ठेवलेत, कुठे पाठवू? इथे ऊन पडलं होतं. मी म्हटलं, ताई, कपडे राहू द्या, खराटे आहेत का?