फुटपाथची तक्रार टेप लावून करा

‘फुटपाथ खराब आहे’ एवढ्याच अर्जावरून अभियंत्याला एस्टिमेट काढता येत नाही. आकडे द्या, मग काम हलतं.

नौपाड्यातून ठाणे स्टेशनकडे जाणाऱ्या गोखले रोडसारख्या रस्त्याचा पाचशे मीटरचा टप्पा निवडा. पाच मीटरचा टेप, खडू, वही आणि चारजण पुरेत. त्यात व्हीलचेअरवरची किंवा पांढरी काठी वापरणारी व्यक्ती हवीच, आणि पुढे तिलाच जाऊ द्या. पाहणी संध्याकाळी सहा ते आठमध्ये करा. दुपारचा मोकळा फुटपाथ फसवा असतो.

दर २० मीटरवर मोकळी रुंदी मोजा. म्हणजे भिंतीपासून कर्बपर्यंतची (फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेपर्यंतची) नव्हे, तर झाड, विजेचा डीपी बॉक्स, पार्क केलेली स्कूटर सोडून उरलेली. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ नुसार ही किमान १.८ मीटर हवी. फेरीवाल्यामुळे ती कमी होत असेल तर ‘हटवा’ एवढंच लिहू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांचाही हक्क आहे. किती जागा सोडून ते बसू शकतात, तेवढं आखून दाखवा.

कर्बची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर आजीआजोबा सरळ रस्त्यावरून चालतात. तेवढ्या उंचीला १:१२ उताराचा रॅम्प म्हणजे १.८ मीटर लांबी. त्याहून आखूड रॅम्पवर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा दम निघतो. पावसात रॅम्पच्या पायथ्याशी तळं साचतं, कारण पाण्याची जाळी उताराच्या खालच्या बाजूला असते. ती रॅम्पच्या अलीकडे, पाणी येतं त्या बाजूला मागा.

खरी गडबड सोसायट्यांच्या गेटपाशी होते. गाड्यांसाठी फुटपाथ खाली उतरवला जातो, मग दर काही पावलांवर चढउतार, आणि तिथूनच बाईकही वर चढतात. फुटपाथ सलग, एकाच पातळीत ठेवून गाडीलाच छोट्या उतारावरून चढायला लावणं, हा उपाय. बोलार्डने, म्हणजे आडव्या ओळीत रोवलेल्या बुटक्या खांबांनी, बाईक अडत नाही. व्हीलचेअर जाईल एवढ्या फटीतून तीही जाते. खचलेले पेव्हर बहुतेकदा केबलच्या चरावर सापडतील: भराव थराथराने न दाबता वर ब्लॉक बसवलेले असतात. असा चर खडूने आखून फोटो घ्या.

सिग्नलला स्टॉपवॉच लावून पादचाऱ्यांना किती सेकंद मिळतात ते मोजा. १८ मीटर रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने पार करायला १५ सेकंद लागतात, ०.८ मीटरने चालणाऱ्या वृद्धाला साडेबावीस.

सगळं एका नकाशावर उतरवून प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना आणि बांधकाम विभागाला द्या, आवक क्रमांक घ्या. अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो, म्हणून दिवाळीच्या आसपास अर्ज गेलेला बरा. काम नुकतंच झालं असेल तर १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची) प्रत आणि दोषदायित्व कालावधी मागा. कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.