सातबाऱ्यावरच्या अरबी शब्दांचे मूळ कसे शोधावे

ठाण्याच्या तहसील कार्यालयात आपण जो कागद घेऊन उभे असतो, त्यावर अरबी शब्द इतके असतात की सरावाला निराळे पुस्तक लागत नाही. अर्ज, दाखला, मौजे, जिल्हा, महसूल हे सारे मुळात अरबी आहेत. मात्र ते फारसी दप्तरातून मराठीत आले, ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी.

प्रथम शब्दातील स्वर बाजूला ठेवून व्यंजने पाहावीत. अरबी धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. मूळ अर्थ त्या तिघांत असतो आणि स्वर व मागेपुढे लागणारी अक्षरे व्याकरण सांगतात. ‘हासील’, ‘महसूल’ आणि ‘तहसील’ या तिन्हींत ह-स-ल उरते, ज्याचा अर्थ हाती येणे असा आहे. ‘हासील’ हे कर्तरी रूप, म्हणजे हाती येणारे. ‘महसूल’ हे कर्मणी रूप, म्हणजे जे मिळवले गेले ते. तर ‘तहसील’ हे मधले व्यंजन दुहेरी करून होणाऱ्या क्रियापदाचे भाववाचक नाम, म्हणजे गोळा करण्याची क्रिया. पुढे त्या क्रियेचेच नाव कचेरीला पडले. ‘महसूल’चा साचा एकदा कानात बसला की ‘मजकूर’ म्हणजे उल्लेखिलेले आणि ‘मंजूर’ म्हणजे पाहिलेले, हे आपोआप उलगडते. साहेबांनी कागद नजरेखालून घातला म्हणजे तो मंजूर झाला, असे म्हणण्यास हरकत नाही!

अडचण येते ती ‘ऐन’ या कंठ्य व्यंजनाची, कारण मराठीत ते स्वरात विरघळते. ठाण्यात मिसळीमुळे सर्वांच्या तोंडी असलेला ‘मामलेदार’ घ्यावा. ‘दार’ हा फारसी प्रत्यय काढला की ‘मामला’ उरतो. त्याचे मूळ रूप ‘मुआमला’ आणि धातू ऐन-म-ल, ज्यापासून आपला ‘अंमल’ही आला. ‘जिल्हा’ या शब्दाच्या शेवटीही ऐनच दडले आहे; त्याचा मूळ अर्थ बरगडी, त्यावरून बाजू.

केवळ उच्चारसाम्यावर विसंबू नये. अरबीतील चार निरनिराळी व्यंजने मराठीत एकाच ‘ज’मध्ये मिसळली आहेत, म्हणून पाहण्याची ‘नजर’ आणि ‘नजराणा’ यांतील ‘नजर’ यांचे धातू वेगळे आहेत. दुसरीचा अर्थ नवस. ‘मशहूर’ अरबी, पण ‘शहर’ शुद्ध फारसी. शंका आल्यास मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) उघडावा; त्यात अरबी व फारसी मुळांना वेगवेगळ्या खुणा आहेत.

शेवटी लिंग आणि वचन तपासावे. अरबीचा स्त्रीलिंगी प्रत्यय फारसीत काही शब्दांत ‘त’ राहिला, काहींत नुसता स्वर. मराठीने पहिल्या गटातील ‘इमारत’, ‘अदालत’ स्त्रीलिंगी ठेवल्या आणि दुसऱ्या गटातील ‘किल्ला’, ‘मामला’ यांना ‘घोडा’, ‘वाडा’ यांच्या पंक्तीला बसवून पुल्लिंगी केले. म्हणून ‘किल्ले’, ‘किल्ल्यात’ ही रूपे अस्सल मराठी आहेत. वचनाचा प्रकार अधिक गमतीचा आहे. ‘उमराव’ हे ‘अमीर’चे अनेकवचन, तर ‘असामी’ हे नाव या अर्थाच्या ‘इस्म’चे अनेकवचनाचेही अनेकवचन, तरीही आपण ‘एक बडी असामी’ असे बिनदिक्कत म्हणतो.